करिया कुत्र्यास घंटी वाजवून बोलावल्याबाबत

प्रति,
मा. पोलीस अधीक्षक साहेब,
जिल्हा उस्मानाबाद, यांचे सेवेशी

अर्जदार : शिवकांता वीरप्पा कलशेट्टी, वय ५४, धंदा घरकाम, राहणार मौजे हिरेनिंबी, तालुका उमरगा.

विषय : कुत्रं समोर आलं असता बंदूक न चालवता निभावून कसं न्यावं याचं शिक्षण पोलीस शिपायांना देणेबाबत, व येत्या मंगळवारी करियाला मारू नये याबाबत.

संदर्भ : हिरेनिंबी आउटपोस्टचं उत्तर, दि. ७ मे १९७३ : "सदर कुत्रा चौकशीस हजर न राहिल्याने अर्ज निकाली काढण्यात आला आहे."

महोदय,

शरणार्थ. अर्जदार बाईचं म्हणणं खालीलप्रमाणे आहे. ते शेवटपर्यंत वाचावं, आणि आठवा परिच्छेद आपण एकट्याने वाचावा.

१. अर्जदाराचा रोजचा नेम असा की अंघोळ, विभूती, इष्टलिंगाची पूजा, मग घंटी तीन वेळा वाजवून दारी येईल त्या जिवाला भाकरीचा पहिला घास. तो घास घेतला गेल्याशिवाय बाई स्वतः अन्न तोंडात घालत नाही. पूर्वी जंगमस्वामी येत. ते लिंगैक्य झाले, देह ठेवला, तेव्हापासून नऊ वर्षं करिया येतो. करिया म्हणजे काळं गावठी कुत्रं, छातीवर पांढरा ठिपका. तीन घंट्या ऐकल्या की तो गावात कुठंही असो, धावत येतो. हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. आउटपोस्टला ठाऊक नव्हतं, असं आउटपोस्टचं म्हणणं.

२. यंदाच्या दुष्काळात सोसायटीचा कडब्याचा डेपो गावाबाहेर माळावर घातला आहे. गंजीच्या सावलीला करिया दिवसभर पडून असे. पुढच्या फाटकातून येणाऱ्यावर तो कधी भुंकला नाही. मागच्या कुंपणातून पेंढ्या निघाल्या की मात्र रान उठवायचा. त्यावरून डेपोचे कारकून व्यंकटराव अर्जदाराला म्हणाले, "काकू, तुमचं कुत्रं लई शहाणं झालंय. बांधून घाला, न्हायतर कुणीतरी कायमचं बांधंल." बाई म्हणाली, "मुक्या जिवाला काय कळतंय बाबा, पुढचं दार अन् मागचं दार." तोंडानं असं म्हणाली, पण त्याला कळत होतं हे तिला ठाऊक होतं. व्यंकटरावांनाही.

३. सोमवार दि. ३० एप्रिल रोजी भर दुपारी आउटपोस्टचे शिपाई हिंमतराव सायकलवरून डेपोच्या बंदोबस्ताला आले. त्यांनी सायकल स्टँडला लावली. पाठीची बंदूक हातात घेतली. मग सायकलची घंटी तीन वेळा वाजवली. करिया सावलीतून उठून धावत गेला. हिंमतरावांनी गोळी झाडली. ती मागच्या डाव्या पायातून आरपार गेली. शेजारच्या रस्त्याच्या कामावर खडी फोडणाऱ्या चांगुणाबाईने हे पाहिलं. तिचे शब्द : "शेपूट हालवत गेलं वो बिचारं, माहेरचं माणूस आल्यावानी."

४. पंचनाम्यात लिहिलं आहे की कुत्रं पिसाळलेलं होतं, घंटी वाटेतल्या शेळीसाठी वाजवली, आणि कुत्र्याने शिपायाची पँट उजव्या गुडघ्याला फाडली. अर्जदार कुणावर आळ घेत नाही. फक्त विचारते. गावातल्या शेळ्या होळीच्या आधीच विकल्या गेल्या किंवा मेल्या, मग ही शेळी कुठून आली? उभ्या सायकलीपुढं शेळी आली तरी घंटी कशाला? पँटचा गुडघा गोरोबा शिंप्याने पाडव्याला शिवून दिला होता, तो सांगतो, "काकू, ठिगळ माझं हाय, दात कुणाचेबी असू द्या." आणि करिया जायबंदी झाल्यापासून कडब्याची गंजी अर्ध्यावर आली. खाणारी जनावरं तर गावात बोटावर मोजण्याइतकीच उरलीत.

५. तरीही अर्जदार धरून चालते की हिंमतराव नुसतेच भ्याले. भिणं पाप नाही. पण भ्यालेल्या माणसाच्या हाती बंदूक दिली तर आधी त्याला कुत्रं शिकवावं. अर्जदाराला जे येतं ते असं : पळू नये, पळणाऱ्यामागं शेळीसुद्धा धावते. लाठी उगारू नये, पायाला टेकवून धरावी. डोळ्यात डोळा घालू नये, अंग तिरकं करून उभं राहावं. सायकल असेल तर ती मध्ये धरावी. मालकाला हाक मारावी, मालक नसेल तर कुठल्याही बाईला, गावातली कुत्री बायांचं ऐकतात. शेपूट कसं आहे ते बघावं, दातांआधी शेपूट बोलतं. खिशात भाकरीचा तुकडा असू द्यावा. हे शिक्षण अर्जदार फुकट देईल, सोमवार सोडून कोणत्याही दिवशी. मात्र कागदावर सह्या घेऊन शिक्षण झालं असं होऊ नये, अशी तिला शंका आहे. कुत्रं समोर हवं.

६. आउटपोस्टची तोंडी ताकीद आहे की मंगळवार दि. १५ रोजी करियाला "पूर्ण करण्यात" येईल. तो आजमितीस अर्जदाराच्या बाजेखाली आहे. घंटी न वाजवता पुढ्यात ठेवलेलं खातो, पाणी पितो. पिसाळलेलं कुत्रं पाणी पीत नाही, हे फौजदार साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "बाई, तुम्ही डॉक्टर आहात का?" परंतु सकाळी घंटी वाजली की करिया भिंतीला चिकटून थरथरतो आणि नेमाचा घास घेत नाही. त्यामुळं १ मेपासून अर्जदाराच्या पोटात अन्नाचा कण नाही. मिळालं तर ताक, नाहीतर पाणी. लोक म्हणतात, घंटी सोडा. एवढ्या वर्षांचा नेम सोडला तर बाईपाशी राहतं काय?

७. एक गोष्ट कबूल करणं भाग आहे. घंटीवर विश्वास ठेवायला करियाला अर्जदारानेच शिकवलं. ज्याने कुणी शिपायाला ते सांगितलं, त्याने तिची पूजा वापरली. राग त्याचा आहे. बोलण्यात तो येत नाही, म्हणून लिहून दिला.

८. (हा परिच्छेद आउटपोस्टला वाचून दाखवू नये.) विनंती अशी की मंगळवारच्या आत आपण स्वतः यावं. हिंमतरावांना बंदुकीशिवाय अर्जदाराच्या दारात बसवावं, हातात घास व पूजेची घंटी द्यावी, आणि एवढंच म्हणावं, "कुत्र्याला बोलवा." किती वेळा वाजवायची ते कुणी सांगू नये. व्यंकटरावांना समोर उभं करू नये. मग आपण मोजावं.

करियाने त्यांच्या हातचा घास घेतला, तर अर्जदार त्याच जागी जेवेल आणि पुढं एक शब्द काढणार नाही.

हा अर्ज टपालाने न पाठवता बाईने स्वतः आणला आहे. टपालाची थैली आउटपोस्टवरून जाते. पोच म्हणून शिक्का मिळावा.

आपली नम्र अर्जदार,
शिवकांता वीरप्पा कलशेट्टी
दि. ११ मे १९७३, शुक्रवार

सोबत :
(१) चांगुणाबाईच्या अंगठ्याचा कागद.
(२) पँटच्या ठिगळाचं उरलेलं कापड, गोरोबा शिंपी यांजकडून.
(३) करियाने न घेतलेले भाकरीचे अकरा घास, फडक्यात बांधून. पाहून झाल्यावर परत मिळावेत. दुष्काळात अन्न टाकणं बरं नव्हे.