अंगातलं आन् रक्तातलं

३ जून
लिही ऋतिके, गाळू नको काही. आन् कस्तुराची लेक असलीस तरी आईला ही वही दाखवायची न्हाई!
माझ्या पणतूला, आयुषला परत झटका आला. सहा महिन्यांचं पोर — डोळे फिरले, अंग ताठ. माझी सून कस्तुरा नातसुनेवर, तेजश्रीवर तुटून पडली. "दौंडवरनं काय रोग आणलास गं? जा माहेरी!"

५ जून
पुण्याला गेलो. डॉक्टरीण एवढीशी, पण प्रश्न लई! "घरात कुणाचा झटकन उठल्यावर हात वळतो का, मान वाकडी होते का?" मीच म्हणाले, माझी व्हायची, तरणेपणी. शुद्धीत असायची, घडीत जायचं. सासूनं मळवट भरला — देवी आली म्हणं. तवापासून दर मंगळवारी बाया ओटी भरायला येतात.
माझंबी रक्त घेतलं.

८ जून
वीस वर्षं झाली खरं यायचं बंद होऊन. आता मीच हात वळवते. बाया पार पाबळवरनं येतात, रिकाम्या कशा धाडू? हसतेस काय, लिही!

२७ जून
रिपोर्ट आला. दोष माझ्या रक्तातला. माझ्याकडनं लेकाला, त्याच्याकडनं नातवाला, तिथनं आयुषला. कुणाला दिसतो, कुणाला न्हाई. तेजश्रीचा काही संबंधच न्हाई.
कस्तुराला म्हणाले, देवी-बिवी न्हाई गं, आजार हाय. तिनं कानाला हात लावला. "आत्याबाई, असं बोलू नका! कागदाला काय कळतंय? मंगळवारी देवीलाच विचारू, हिला ठेवायची का धाडायची."
म्हंजी मलाच!

१ जुलै, मंगळवार
वळवला हात. घुमत म्हणाले, "दोष या म्हातारीच्या रक्ताचा. पोरीला धाडाल तर याद राखा! पोराचं औषध चुकवाल तर बघा!" कस्तुरानं तेजश्रीचे पाय धरले. शुद्धीत सांगितलं तवा येडी ठरले!
तेजश्री राहिली. मी मात्र पुरती अडकले — पुढल्या मंगळवारी शिरूरच्याबी बाया येणार म्हणं.

८ जुलै, मंगळवार
बायांना पाणी द्यायला तू झटकन उठलीस. हात वळला. खरा. तांब्या पडला. "आली! नातीला आली!" — सगळ्या वाकल्या. तुझ्या आईनंच मळवट भरला. मी ओरडत होते, आजार हाय गं तो! कुणी ऐकंना.
थांब. आधी कपाळ पूस, मग लिही.