मारिसेलचे मासे आणि माझं जाकीट

ती. सौ. सरलाकाकूस,

केदारचा नेपरव्हिलहून, अंगातल्या दोन स्वेटरांसकट साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा आणि काकांचा राग, दोन्हींना उतार पडला असेल अशी आशा आहे. इथे बर्फ आहे, बाकी ठीक.

आमच्या भिंतीला भिंत लावून मारिसेल नावाची फिलिपिनो नर्स भाड्याने राहते. हिला देशातली माणसं कमी आठवतात, तुयो जास्त (तुयो म्हणजे खारवून सुकवलेले मासे). त्यापाठोपाठ सिनिगांग नावाचं चिंचेचं आंबट सार आणि बागोओंग, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचा लगदा. तो कैरीला लावून खायचा म्हणे. सांगताना तिचे डोळे भरतात. माणसाने खाण्यापायी इतकं हळवं होऊ नये, असं मी तिला बर्फ उपसता उपसता समजावतो. (एअरपोर्टवर तुझ्या लोणच्याची बरणी काढून घेतली तेव्हा मी रडलो नव्हतो. डोळ्यांत मसाला गेला होता.)

परवा तिने गॅरेजमध्ये तुयो तळले. वास गल्लीभर. लगेच वसाहतीच्या कमिटीकडे तक्रार गेली आणि त्यावर पहिली सही आपल्या संग्रामची, ज्याच्या हिंगाच्या फोडणीवरून गेल्या वर्षी हीच कमिटी बसली होती. मारिसेलवर ही तिसरी तक्रार. ती खरी ठरली तर घरमालक तिला घर सोडायला सांगणार. कमिटीवर मीही आहे, तेव्हा वास नक्की कुठला याची खात्री करायला मलाच पाठवलं. वासातलं आपल्या लोकांना कळतं, असं अध्यक्षबाईंचं मत.

मी ताठ मानेने गेलो. तिने खुर्ची दिली, लसूण घातलेला परतलेला भात दिला, त्यावर व्हिनेगरमध्ये बुडवलेला तुयो. नको म्हणणं बरं दिसलं नसतं. दुसऱ्या माशाला मला वेंगुर्ल्याचं तुझं स्वयंपाकघर आठवलं आणि फार एकटं वाटलं. (आश्लेषाच्या राज्यात आमच्या घरी मासळीचं नावही निघत नाही, हे तू जाणतेसच.)

घात केला जाकिटाने. इथली आपली माणसं फोडणी टाकण्याआधी सगळी जाकिटं बेडरूममध्ये कोंडतात, कारण त्यात शिरलेला वास हिवाळाभर निघत नाही. दुसऱ्याच्या घरी हे कुणाला सुचतं? मी जाकीट घालूनच जेवलो. आश्लेषाने दारातच हुंगलं.

"कुठे होतास?"

"कमिटीच्या कामाला."

जाकीट तेव्हापासून बाहेर बर्फात टांगलंय आणि मी स्वेटरांवर आहे.

तुझा,
केदार

ता. क. राजीव महिनाअखेरीस तिकडून निघतोय. त्याच्याबरोबर सुके बांगडे पाठव. मारिसेलसाठी. बिचारी फार आठवण काढते. (तिला पाव किलो पुरतील. तू दोन किलो पाठव.)

ता. क. दुसरा. पाकीट बंद करायच्या आत कमिटीची मीटिंग झाली. वास माझ्याच घरचा, असं मी सांगून टाकलं. मारिसेलचं घर वाचलं. ताकीद माझ्या आणि आश्लेषाच्या नावाने निघाली आहे, ती अजून तिला दाखवलेली नाही. लागलं ते एवढंच, की खरंच का, असं एकानेही विचारलं नाही. संग्राम तर म्हणाला, "मला वाटलंच होतं यार." नाव खराब झालंच आहे, तेव्हा बांगड्यांबरोबर थोडा सुका जवळाही टाक.