भाल्यापुढचं पान

जावईबापू अनिरुद्धराव यांस,

काल माझ्या लेकीने, ऋग्वेदाने, मला इथल्या मूळच्या माओरी लोकांचं केंद्र दाखवलं. पाहुण्यांचा म्होरक्या म्हणून मलाच पुढे केलं. डोळे वटारून, जीभ काढून एक योद्धा भाला फिरवत अंगावर आला. मागे ऋग्वेदा डोकं हातांत लपवून मटकन खाली बसली आणि ओरडली, "अनिरुद्ध, तोंडावर नको रे!"

योद्ध्याने जमिनीवर पान ठेवलं. भांडायला आलो नसू तर ते उचलायचं, अशी त्यांची रीत. मी उचललं. मग तिच्या बाह्या सारून पाहिल्या.

हे पत्र देणार नाही, राग तिच्यावरच काढाल. संध्याकाळी वेलिंग्टनहून आलात की दार मी उघडीन. हातात काठी असेल. पान ठेवणार नाही.

ऋग्वेदाचा बाप,
वामन