न चालवता घ्यायची गाडी

शुक्रवार, दिवेलागणीनंतर

नारायण पेठेतले शेखकाका वय झालं म्हणून मोटरसायकल विकतायत. ती बघून आले आणि तेव्हापासून डोक्यात एकच घोळ. न चालवता गाडी घ्यायची का? वारजे ते लोणी काळभोर, रोज बस बदलत कॉलेजात शिकवायला जाणं आता झेपत नाही, हे खरं. पण तरीही…

"एक चक्कर मारून बघू का?" म्हटलं, तर म्हणाले, "अहो, विकेपर्यंत ती माझी आहे. माझी गाडी मीच चालवतो. तुम्ही मागे बसा."

काय माणूस आहे! गाडीखाली वर्तमानपत्र अंथरलेलं, आणि त्यावर तेलाचा एक डाग नाही. क्लच लवकरच बदलावा लागेल, हे मी न विचारताच त्यांनी सांगितलं. आणि बाकी सगळे विचारतात ते "मिस्टर चालवणार का?" यांनी विचारलंच नाही.

बसले मागे. पेठेतल्या बोळांतून गाडी अशी काढली की मी बघतच राहिले. परत आल्यावर म्हणतात, "वळणावर तुम्ही गाडीबरोबर कलता, घाबरून उलट्या बाजूला झुकत नाही. तुम्हाला द्यायला हरकत नाही."

म्हणजे परीक्षा माझी चालली होती!

नवरा म्हणतो, "न चालवता गाडी कोण घेतं?" बरोबर आहे. पण काकांनीही मला चालवताना कुठे बघितलंय? विचार करून उद्या सांगते, असं म्हणून आलेय.

विचार कसला! मघाशीच जिन्याखालची अडगळ हलवली आणि तिथे वर्तमानपत्र अंथरून आले.