ड्रमफिनीच्या पंचपुस्तकातील चिकटवलेली पाने पुन्हा न चिकटवण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य दफ्तरदार,
परगणा दफ्तरखाना, पोर्ट अर्न.

दिनांक : १४ एप्रिल १९८७

विषय : सन १८६२ च्या पंचपुस्तकातील पाने ८८ व ८९ यांची शिक्क्यासह नक्कल मिळणेबाबत, तसेच अर्जदारावरील वाचनगृहबंदी उठवणेबाबत.

संदर्भ : १) आपले नकारपत्र, दि. ६ जानेवारी. २) आपलेच दुसरे नकारपत्र, दि. ३ फेब्रुवारी. ३) आपले सहायक श्री. टॉश यांचे दि. ३१ मार्च रोजीचे ओरडणे.

महोदय,

अर्जदार इशबेल गेरी, वय ६९, राहणार ड्रमफिनी, धंदा मासे धुरावणे (आता निवृत्त), आदरपूर्वक कळवते की,

१. अर्जदाराचे थोरले बंधू डॉड, वय ७४, विधुर, यांनी गेल्या ऑक्टोबरात शेजारीण नेटा लम्सडेन, वय ७१, हिला लग्नाची मागणी घातली. नेटाच्या मनात होते. आडवे आले ते अर्जदाराचे आजोबा. आजोबा विल्यम गेरी १८६२ साली, गोठ्यात दूध काढणाऱ्या एल्सपेट गेरी हिच्या पोटी जन्मले. जन्मनोंदीत बापाचा रकाना कोरा, शेजारी 'अनौरस' असा शेरा. गावाने मात्र तो रकाना कधीच भरून टाकला होता : बाप नांगरगडी रॉब लम्सडेन, म्हणजे नेटाचे सख्खे आजोबा. नेटाने बोटांवर नाते मोजले आणि म्हणाली, "म्हणजे डॉड, तू माझा पुतण्या लागतोस. कायदा काय म्हणतो ते मला नको सांगूस. पुतण्याशी लग्न करून मी आईच्या फोटोसमोर जाऊ कशी? आधी शिक्क्याचा कागद आण." बंधूंच्या हृदयाला डॉक्टरांनी फार तर दोन हिवाळे सांगितले आहेत. एक या कागदाच्या खटपटीतच गेला.

२. त्या काळी अशा मुलीला चर्चच्या पंचांपुढे उभी करून बापाचे नाव वदवून घेत. त्या चौकशांची नोंद असलेले पंचपुस्तक आपल्याकडे आहे. त्यातली नेमकी एल्सपेटच्या चौकशीची दोन पाने कोणीतरी पिठाची खळ लावून एकमेकांना चिकटवली आहेत. ती उघडावीत म्हणून अर्ज केला, तेव्हा चिकटलेले असणे हेच त्या पानांचे अस्सल स्वरूप होय, असे आपण कळवले. चर्चला विचारले, तर पुस्तक आमच्याकडे नाही, सबब खळही आमची नव्हे, असे उत्तर आले. मग आपण नमुना अर्ज पाठवलात. त्यात 'आतील मजकुराचा सारांश' असा रकाना होता. अर्जदाराने "तोच तर बघायचा आहे" असे लिहिले. अर्ज अपूर्ण म्हणून परत आला.

३. दि. ३१ मार्च रोजी अर्जदार वाचनगृहात बसली असता कमरेच्या दुखण्यासाठी आणलेली गरम पाण्याची पिशवी, ओल्या टॉवेलात गुंडाळलेली, पुस्तकाखाली राहून गेली. चाळीस मिनिटे. पाने अर्जदाराने उघडली हा आरोप तिला मान्य नाही. पाने उघडली.

४. आतला मजकूर अर्जदाराने पेन्सिलीने उतरवून घेतला, तो असा. पंचांनी विचारले, "बाप कोण?" एल्सपेट म्हणाली, "तुमच्यातल्या दोघांनी माना खाली घातल्यात. आधी त्यांना विचारा." तिला गप्प राहण्याची ताकीद देण्यात आली. त्यावर मागच्या बाकावरून रॉब लम्सडेन उठला व म्हणाला, "पोर माझं म्हणून लिहा. मी लग्न करतो तिच्याशी." एल्सपेट म्हणाली, "रॉब भला माणूस आहे. पोर त्याचं नाही. भला आहे म्हणून दुसऱ्याचं पाप त्याच्या गळ्यात बांधू होय?" पुढे एकच ओळ आहे : ही पाने खळीने चिकटवून मिटावीत, असे सर्वानुमते ठरले.

५. येथे श्री. टॉश आले. "बाई, सव्वाशे वर्षं मिटलेलं पुस्तक होतं हे!" असे ते म्हणाले. अर्जदाराने "मग आता जरा मोकळं वाटलं असेल त्याला" असे म्हटले, हे खरे आहे, व त्याबद्दल ती दिलगीर आहे, थोडीशी. तिला दंडाला धरून बाहेर काढण्यात आले व वाचनगृहात पुन्हा येण्यास बंदी करण्यात आली. येत्या २७ तारखेला पानांना पुन्हा खळ लावून ती पूर्ववत करण्यात येतील, असेही बजावण्यात आले.

६. पितृत्व निश्चित झाले काय, असे आपले कार्यालय विचारील. झाले नाही. माना खाली घालणाऱ्या त्या दोघा पंचांची नावे कारकुनाने लिहिलेली नाहीत. मात्र सगळ्याच पंचांची थडगी चर्चच्या वाटेवर ओळीने आहेत. अर्जदार सकाळी कुत्र्याला तिकडूनच फिरवते व कोणालाही वगळत नाही.

७. आज सकाळी हा अर्ज इथवर लिहून झाला, तोच नेटा घरी आली. अर्जदाराने तिला तो वाचायला दिला. चौथा परिच्छेद तिने दोनदा वाचला. डॉड चुलीपाशी धुरावलेला हॅडॉक मासा परतत होते, तो करपला तरी त्यांचे लक्ष नव्हते.

"शिक्का नाही यावर," नेटा म्हणाली.

"नाही," डॉड म्हणाले.

"राहू दे. एल्सपेटसारखी उत्तरं कोणी मनानं रचत नाही." मग चष्मा काढून म्हणाली, "माझ्या आजोबांना तुमच्या घराण्यानं भर चर्चमध्ये नाही म्हटलं. आता मला विचार पुन्हा. गुडघ्यावर नको बसूस, मागच्या वेळी उठवायला इशबेलला बोलवावं लागलं होतं."

बंधूंनी उभ्यानेच, हातात उलथने घेऊन विचारले. लग्न दि. २ मे रोजी ड्रमफिनीच्या चर्चमध्ये आहे.

सबब विनंती की, पाने ८८ व ८९ उघडीच ठेवावीत, त्यांची नक्कल ३० तारखेपर्यंत द्यावी, व अर्जदारावरील वाचनगृहबंदी उठवावी. लग्नाला आता कागदाची गरज उरलेली नाही. नक्कल लग्नात, त्याच चर्चमध्ये, मोठ्याने वाचायची आहे. आपण व श्री. टॉश यांनीही यावे. बसायला पुढचे बाक मिळेल.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी, व ते नकाराचे असल्यास पुन्हा लिहिणारी,

आपली नम्र,
इशबेल गेरी

सोबत : १) पेन्सिलीने उतरवलेला मजकूर, दोन पाने. २) जन्मनोंदीचा उतारा. ३) लग्नाची आमंत्रणे, दोन.