शेवाळावरचा ट्रक

३ मार्च २०१३
डिझेल पुन्हा वाढलं. कापसाच्या गाठींचं भाडं मात्र जागचं हलत नाही. नेरच्या सायबर कॅफेत वाचलं, शेवाळापासून तेल निघतं, त्यावर ट्रक चालतो. माझ्या शेततळ्यात शेवाळ फुकट उगवतं आणि मी ते उपसून फेकत होतो. आजपासून फेकणं बंद.

१० मार्च
तळ्यात युरिया टाकला. सत्यशीला म्हणाली, पाणी नासवून काय भेटते तुमाले. बायकोला रिसर्च कळत नाही. ड्रायव्हर हिरासिंग म्हणाला, मालक, याडीच्या शेळ्या इथंच पाणी पितात. याडी म्हणजे त्याची आई, धनीबाई. म्हटलं, पिऊ दे.

२४ मार्च
तळं हिरवंगार. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत ट्रक शेवाळावर काढणार. अख्खं नेर बघेल.

२ एप्रिल
शेवाळ फडक्यात बांधून रसवंतीच्या चरकात घातलं. बादलीभर हिरवं पाणी निघालं. तेल नाही. चरक जुना आहे. रसवंतीवाला उगाच भडकला.

९ एप्रिल
पाण्यात बारीक किडे झालेत. शेवाळ खातात. किडीचं मला कोणी शिकवू नये, जन्म कपाशीत गेला. शेतातल्या झोपडीत फवारणीच्या औषधाची बाटली उरलेली आहेच.

१० एप्रिल, सकाळी
बाटली ओतली. किडे साफ. सत्यशीला म्हणाली, हिरासिंगच्या तांड्यावर सांगून या, अन् तळ्याले बाभळीच्या काट्या लावा. सांगितलं तर फॉर्म्युला फुटेल. काट्या जयंती झाली की सोमवारी लावतो. शेळ्यांना वास कळतो.

११ एप्रिल
बेडूक ओरडत नाहीत. काठावर बगळा मेलेला. ऊन फार आहे. छातीत उगाच धडधडतंय. चहा कमी केला पाहिजे.

१२ एप्रिल
शेळ्या पाणी पिऊन तळ्यातच पडल्या. त्यांना ओढायला धनीबाई तळ्यात उतरली, नाकातोंडात पाणी गेलं. तोंडाला फेस, हातपाय थरथरत होते. हिरासिंगनं तिला उचलून ट्रकमध्ये निजवलं. मला म्हणाला, काय टाकलं तळ्यात, डॉक्टर विचारन. मी बाटली आणून दिली. त्यानं लेबल वाचलं, माझ्याकडे पाहिलं नाही. मी केबिनची पायरी चढायला लागलो, तर म्हणाला, तुम्ही नका येऊ.
ट्रक यवतमाळकडे गेला.
केबिनमध्ये जागा होती.