ढावलो एकदाच

९ डिसेंबर २००३, मंगळवार

बानं गूळ खाल्ला! मी इकडे रानात कापूस वेचत होते आणि तिकडे सेनगावकडच्या तांड्यात बसून बानं माझ्या लग्नाचा गूळ खाल्ला. आमच्या बंजाऱ्यांत गूळ खाल्ला की सोयरीक पक्की. मला विचारलं? नाही. घरी आला तेव्हा मिशीला गूळ चिकटलेला होता, आणि मला म्हणतो, "बाई, तुझं चांगलं झालं."

मुलगा रतनसिंगचा. घरी ट्रॅक्टर आहे, विहिरीला पाणी आहे. मुलाला मी नरसीच्या बाजारात एकदा पाहिलंय, ऊस चोखत उभा होता. त्याच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण रतनसिंगनं अट घातली — लग्नानंतर गाणं-बिणं बंद. सून गाताना दिसली तर तांड्यात तोंड दाखवायचं कसं, म्हणे. आणि बा त्यालाही व्हय म्हणून आला.

आमच्या वाट्याचा गूळ कागदात बांधून आणला होता. याडीनं — माझ्या आईनं — तो घेतला, फळीवर ठेवला आणि परत भाकरी थापायला बसली. मी म्हटलं, तू काहून बोलत न्हाईस? तर म्हणते, "आता बोलून काय व्हतंय." गाण्यानं सबंध तांड्याला रडवणारी बाई ही. स्वतःच्या पोरीसाठी मात्र एक शब्द नाही.

११ डिसेंबर

राग उतरत नाही. कापूस वेचताना बोंडं अशी ओढली की बोटं रक्ताळली. शेजारच्या ओळीतली रूपाबाई विचारते, लग्नाची घाई झाली का गं?

१४ डिसेंबर, रविवार

आज हिंगोलीहून अमृतराव सर आले, जीप करून. तिथल्या हिवाळी संगीत महोत्सवाचं सगळं तेच बघतात. यंदा एक संध्याकाळ नव्या लोककलावंतांसाठी ठेवली आहे. कुणाच्या तरी लग्नातली कॅसेट त्यांच्या हाती लागली. त्यात नवरी ढावलो म्हणते आहे, आणि तिच्या रडण्याच्या मागून एक दुसरा बारीक आवाज येतो. "तो मागचा आवाज कुणाचा? ती मुलगी मला हवी."

तो आवाज माझा. ढावलो म्हणजे आमच्याकडे सासरी निघालेली पोर आईच्या, बापाच्या, भावाच्या गळ्यात पडून रडत रडत जे गाते ते. पाठ केलेलं नसतं, जिचं तिनं जोडायचं असतं. पूर्वी पोरी महिनाभर आधीपासून म्हाताऱ्यांकडे बसून शिकायच्या. आताच्या पोरींना येत नाही आणि आलं नाही तर बाया नावं ठेवतात. मग मी नवरीच्या मागे बसते आणि तिच्या कानात ओळी सांगते. रडणं तिचं, ओळी माझ्या. मला हे सगळं याडीनं शिकवलं, कापसाच्या ओळीत.

सर म्हणाले, निवड झाली तर औरंगाबादला वर्षभर गाणं शिकायला पाठवू, राहायची सोय आहे. हे त्यांनी मला एकटीला सांगितलं, जीपजवळ. माझे कान गरम झाले. बाला एवढंच सांगितलं की हिंगोलीला एक कार्यक्रम आहे. दारात जीप उभी राहिली म्हणून बा खूश होता. म्हणाला, "लगीन माघात हाय. तवर गाऊ द्या पोरीला."

१५ डिसेंबर

याडी नाही म्हणते! इतके दिवस तोंडाला कुलूप, आणि ते उघडलं ते हे बोलायला.

"होळीची लेंगी म्हन, पाळणा म्हन, काई बी म्हन. ढावलो न्हाई म्हनायचा."

काहून?

"ढावलो एकदाच असतो. दुसऱ्या पोरीच्या कानात सांगितला तर तो तिचा. सोताच्या तोंडानं म्हनला की तुझा. म्हनला की पोरगी त्या घरची राहत न्हाई."

असं कुठं असतं का? तिला फक्त मला अडवायचं आहे. बा अडवतो, रतनसिंग अडवतो, मग ही तरी मागे का राहील. मी म्हटलं, सरांना ढावलोच पाहिजे आणि मी म्हणणार. ती उठून शेळीला पाला टाकायला गेली.

१९ डिसेंबर, शुक्रवार

हिंगोलीला तालीम. डोकं फिरून आलंय.

एक — मैदानावर कापडी फलक लावलाय. त्यावर आमच्या नावापुढे लिहिलंय, 'बंजारा रडगाणे'. रडगाणं म्हणजे काय, ते मराठीत सगळ्यांना माहीत आहे. मी म्हटलं, सर, याला ढावलो म्हणतात. सर म्हणाले, "लोकांना कळायला नको का?"

कपडे भाड्यानं आणलेत. आरशांचा घागरा, पण तो आमचा नव्हे, कुठल्या तरी नाटक कंपनीचा. आमच्या आज्ज्यांच्या पेटीत अजून खरी फेटिया-कांचळी, म्हणजे आमची घागरा-चोळी, पडून आहे, पण ती मळकट दिसते म्हणे.

आणि सगळ्यात वरचढ गोष्ट म्हणजे त्यांनी माझ्यासाठी आई ठरवली आहे. शकुंतलाबाई म्हणून नाचाच्या क्लासच्या बाई आहेत. मी त्यांच्या गळ्यात पडायचं, त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवायचा. बाई स्वभावानं चांगल्या आहेत, त्यांचा काही दोष नाही. तालमीत त्यांच्या गळ्यात पडले तर पावडरचा वास आला आणि मला शिंक आली. सर लांबून ओरडले, "निलम, अजून रड! डोळ्यातून पाणी दिसलं पाहिजे!"

मी काय नळ आहे?

२२ डिसेंबर

कुलदीपला गटप्रमुख केलं. गटात सगळ्या पोरी, आणि काड्यांनी थाळी वाजवायला माझा हा भाऊ. प्रमुख तो. कारण विचारलं तर सर म्हणतात, जबाबदार माणूस लागतो. हा जबाबदार माणूस कळमनुरीच्या स्टँडवर वडापाव खात बसला आणि आमची गाडी चुकवली!

२६ डिसेंबर

याडीला म्हटलं, उद्या बायांचा टेम्पो जाणार आहे, येतेस का. म्हणाली, "तुझी आई हाय ना तिथं. भाड्यानं आणलेली."

कुणी सांगितलं हिला? कुलदीपच असणार.

२७ डिसेंबर, शनिवार

आजचं आज लिहिता येणार नाही.

२८ डिसेंबर

आता लिहिते.

आमच्या आधी धनगर पोरांचा ढोल झाला. फार सुंदर वाजवत होते. रंगात आले आणि निवेदकानं माईकवर येऊन टाळ्या मागितल्या, म्हणजे खाली उतरा. पोरं ढोल गळ्यात घेऊन तशीच उभी राहिली, थांबलो की नाही हेच त्यांना कळेना. तिथून माझं डोकं तापलं.

मग आम्ही. निवेदक म्हणाला, "आता ऐकू या तांड्यावरचं एक काळीज पिळवटणारं रडगाणं." कुलदीपनं थाळी सुरू केली. शकुंतलाबाई हात पसरून उभ्या. आणि मला त्यांच्या गळ्यात पडता येईना. पाय तिकडे जाईनातच. मी माईकपाशी गेले, एकटी.

आमच्या तांड्यात एक नियम आहे. ढावलोत नवरी काहीही बोलू शकते. बापाला, भावाला, तांड्याच्या नायकाला, कुणालाही. ती रडत असेपर्यंत तिला कुणी अडवायचं नाही आणि नंतर त्यावरून कुणी रागवायचं नाही. इतक्या नवऱ्यांच्या कानात मी ओळी सांगितल्या, पण कधी तिखट ओळ सांगितली नाही. बिचाऱ्यांना नांदायचं असतं.

काल मी सगळं बोलले. आमच्या बोलीत, ढावलोच्या चालीवर. पहिल्या रांगेत बसलेल्या साहेबा, तू मला रडण्यासाठी बोलावलंस, माझ्या गाण्याचं नाव मात्र नीट लिहिलं नाहीस. भावा, तू माझा प्रमुख झालास, कधी माझी बाजू घेतलीस ते सांग. बा, तू गूळ खाल्लास, माझं गाणं खाल्लंस, पाणी पिऊन मिशी पुसलीस. कुलदीपची काडी चुकली. त्याला कळत होतं ना सगळं! मागे बसलेल्या आमच्या बायांनी पदर तोंडाला लावले. बाकी मैदानाला काहीच कळत नव्हतं. लोक टाळ्या वाजवत होते. ढावलोला टाळ्या! अमृतराव सर चष्मा काढून डोळे पुसत होते. मी त्यांनाच बोलत होते आणि ते रडत होते.

मग मला शेंगदाण्याच्या गाड्याजवळ याडी दिसली. आली होती. बायांत बसली नव्हती, बाजूला उभी होती. मी थांबायला हवं होतं. थांबले नाही. म्हटलं — याडी, तू मला रडायला शिकवलंस, नाही म्हणायला शिकवलं नाहीस. तुझ्याही तोंडात गुळाचा खडा आहे, म्हणून तू बोलत नाहीस.

तिनं पाठ फिरवली.

निवड झाली. माझीच. पंधरा जानेवारीपासून औरंगाबाद. सर म्हणाले, "काय ती आर्तता!" शाल आणि नारळ कुलदीपला मिळाला. तो गटप्रमुख.

२९ डिसेंबर

परवा परतीच्या टेम्पोत याडी माझ्यापासून लांब बसली. तांडा आला तशी ती पुढे गेली आणि मी दारात पोचले तर पाण्याचा तांब्या घेऊन उभी. "पाय धू." होळीला माहेरी येणाऱ्या पोरींना देतात, तसा.

आता चुलीजवळ जाऊ देत नाही. पीठ मळायला बसले तर परात ओढून घेतली. "तू बस." पाहुण्यांसाठी ठेवलेली टाक्यांची गोधडी काढून मला दिली.

टोमणा मारून राहिली आहे. बोलायचं असेल तर तोंडानं बोल की!

३१ डिसेंबर

बायांनी बाला सगळं सांगितलं असणार. माझ्याकडे बघितलं की त्याचा चेहरा काळा पडतो. पण ढावलोतल्या बोलण्यावर रागवता येत नाही, त्यामुळे दिवसभर बादलीवर, शेळीवर, रेडिओवर रागावतो. आज मला एवढंच म्हणाला, "औरंगाबाद-बिरंगाबाद काई न्हाई. रविवारी रतनसिंग तारीख काढायला येऊन राहिला."

मी म्हटलं, मी जाणार. तो म्हणाला, "कशी जाशील? गूळ खाल्ला म्या."

याडी ऐकत होती. लसूण सोलत होती.

२ जानेवारी २००४

पहिली भाकरी मला. दूध मला. माझे कपडेसुद्धा तीच धुते. इतकी वर्षं मी या घरात पाणी भरलं, आणि आता हंड्याला हात लावू देत नाही. परकी केलं मला. त्यापेक्षा दोन थोबाडीत मार म्हणावं. मला हिचा जितका राग येतो तितका बाचाही येत नाही.

रात्री गोधडी अंगावरून फेकून दिली. सकाळी उठले तर परत अंगावर होती.

४ जानेवारी, रविवार

रतनसिंग आला, चार माणसं घेऊन. आमचा सेवा नायक बसलेला. बानं तारखेचा गूळ पुढे केला. तेवढ्यात याडी बाहेर आली. पुरुषांच्या बैठकीत ती कधी येत नाही. डोक्यावर पदर, हातात कागदाची पुडी. ती रतनसिंगपुढे ठेवली. मागच्या महिन्यातला गूळ, मुंग्या लागलेला, तसाच.

"म्या खाल्ला न्हाई," म्हणाली. "आन् पोरगी बी न्हाई आता. तिचा ढावलो झाला हिंगोलीत, तांड्यातल्या बायांनी ऐकला. म्या पाय धुवायला पानी देऊन तिला पाहुनी म्हनून घरात घेतलं. गेलेली पोरगी परत कशी देऊ?"

बा उठला. सेवा नायकानं त्याचा हात धरून खाली बसवलं. मग नायकानं विडी विझवली. म्हणाला, "बराबर हाय. ढावलो दोनदा व्हत न्हाई."

ते गेल्यावर याडीनं माझी पेटी भरली. मी तिच्या गळ्यात पडायला गेले तर दोन्ही हातांनी मला लांब धरलं. "आता न्हाई. झालं ते तुझं." तिचे डोळे भरले होते.

मग मला म्हणाली, होळीला ये.